स्विचचं २०१७: गेम मोजू नका, तारखा बघा

डिसेंबर आला की गेमिंगवाल्यांचा एकच हिशोब सुरू होतो, या वर्षी कुठल्या कन्सोलवर किती गेम आले, त्यातले चांगले किती, फक्त त्याच कन्सोलवर मिळणारे किती, आणि त्यात कुणी निंटेंडो या जपानी कंपनीच्या स्विच कन्सोलचं पहिलं वर्ष, म्हणजे २०१७, काढलं की वाद ठरलेलाच. एक बाजू म्हणते असं पहिलं वर्ष कुठल्याच कन्सोलच्या नशिबी आलं नाही, एकाच वर्षात झेल्डा पण आणि मारिओ पण, कंपनीच्या दोन्ही गाजलेल्या मालिका, अजून काय पाहिजे. दुसरी बाजू म्हणते कसलं कौतुक करताय, अर्धे गेम वी यूवरचे, म्हणजे निंटेंडोच्या आधीच्या कन्सोलवरचे, जुनेच होते की, तेच परत विकले. मला दोघांचंही अर्धंच पटतं, कारण दोघंही यादीच मोजतायत. खिशातले पैसे घालून गेम घेणाऱ्या माणसाला अख्खी यादी कधीच खेळायची नसते, त्याच्याकडे एका वेळी एका गेमपुरते पैसे असतात आणि नोकरी, घर, अभ्यास यातून उरलेला थोडा वेळ असतो. तेव्हा कन्सोलचं वर्ष चांगलं गेलं की वाईट हे त्या माणसाच्या पैशाचा आणि वेळेचा कंपनीने किती विचार केला यावरून ठरवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. या मापाने २०१७ कुठे पास होतं, कुठे नापास होतं आणि त्या वर्षाचं बिल खरं कोणी भरलं हे जरा खोलात जाऊन बघण्यासारखं आहे.

आधी तारखा. ३ मार्चला कन्सोल बाजारात आला आणि त्याच दिवशी झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड. २८ एप्रिलला मारिओ कार्ट ८ डिलक्स. १६ जूनला आर्म्स. २१ जुलैला स्प्लॅटून २. २९ ऑगस्टला यूबिसॉफ्टचा मारिओ आणि रॅबिड्सवाला गेम. सप्टेंबरात पोकेन टूर्नामेंट डीएक्स, २७ ऑक्टोबरला सुपर मारिओ ओडिसी, १ डिसेंबरला झेनोब्लेड क्रॉनिकल्स २. कॅलेंडर समोर ठेवून बघा, निंटेंडोचा एक मोठा गेम आणि पुढचा मोठा गेम यांच्यात साधारण पाच ते नऊ आठवडे आहेत, झेल्डानंतर तर पूर्ण आठ, कारण तो गेम संपवायला तेवढा वेळ लागतोच. आणि लागोपाठचे दोन गेम एकाच जातीचे नाहीत. एकट्याने शंभर तास भटकायचा झेल्डा, मग चौघांनी सोफ्यावर बसून खेळायची रेसिंग, मग मारामारी, मग ऑनलाइन रंगफेक, मग डोकं चालवून चाली करायचा गेम, मग उड्या मारायचा मारिओ, मग लांबलचक जपानी आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायची गोष्ट. घरातला एक माणूस एका महिन्यात खूश झाला तर दुसरा पुढच्या महिन्यात, आणि ज्याला सगळंच आवडतं त्यालाही एक संपवून दुसरा घ्यायला उसंत मिळत होती.

हे आता सरळ वाटतं, पण त्या वेळी कुणालाच पटलं नव्हतं. १३ जानेवारी २०१७ ला टोकियोत निंटेंडोने स्विचचा मोठा कार्यक्रम केला, किंमत सांगितली २९९.९९ डॉलर, आर्म्स, स्प्लॅटून २, ओडिसी सगळे दाखवले आणि साधारण कधी येणार तेही सांगितलं, आणि त्याच दिवसापासून सगळीकडे सूर निराशेचा, कंपनीचा शेअरही खाली गेला. कारण काय, तर पहिल्या दिवशी गेम कमी आहेत. ते खरंही होतं. ३ मार्चला दुकानात गेलात तर झेल्डा सोडून बॉम्बरमॅन, जस्ट डान्स, स्कायलँडर्स, १-२-स्विच, डाउनलोडवर स्निपरक्लिप्स, शॉव्हेल नाइट, फास्ट आरएमएक्स असे थोडेच. १-२-स्विच तर कन्सोलसोबत फुकट द्यायला हवा होता, जॉयकॉन, म्हणजे स्विचसोबतचे दोन छोटे कंट्रोलर, काय काय करू शकतात याची ती ओळख होती, वी यूच्याही आधीच्या वी कन्सोलच्या वेळी जपानबाहेर वी स्पोर्ट्स डब्यातच मिळाला होता, आणि इथे त्याचे वेगळे ४९.९९ डॉलर लावले, हे मला अजूनही पटत नाही. पण पहिल्या दिवसाच्या यादीवरून वर्षाचा निकाल लावणारे सगळे तोंडावर पडले. अमेरिकेत मार्चमध्ये साधारण ९ लाख ६ हजार स्विच विकले गेले आणि झेल्डाच्या स्विचवाल्या प्रती सव्वानऊ लाख, म्हणजे मशीनपेक्षा गेम जास्त! काहींनी खेळायला एक आणि जपून ठेवायला एक अशा दोन घेतल्या, काहींनी कन्सोल मिळायच्या आधीच गेम घेऊन ठेवला. पहिल्या दिवशी पंधरा गेम असण्यापेक्षा दोन महिने पुरेल असा एक असला आणि पुढचा कधी येतोय ते माहीत असलं तर लोक थांबतात.

झेल्डाबद्दल इतकं लिहून झालंय की मी फक्त सुरुवातीबद्दल बोलतो, कारण माझा मुद्दा तिथेच दिसतो. गेमचा नायक लिंक गुहेत जागा होतो, बाहेर धावत येतो, कड्यावर उभा राहतो आणि समोर अख्खं हायरूलचं राज्य पसरलेलं दिसतं. पण तिथून लगेच खाली जाता येत नाही, तो पहिला भाग म्हणजे चहूबाजूंनी तुटलेलं एक पठार आहे, चार देवळांतली कोडी सोडवल्याशिवाय पॅराग्लायडर मिळत नाही आणि त्याच्याशिवाय उडी मारली की मेलात. त्या पठारावर गेम तुम्हाला सगळं शिकवतो आणि शिकवतोय असं जाणवूही देत नाही. थंडीत जायचंय तर मिरची घालून काहीतरी शिजवा, नाहीतर हातात मशाल धरा. झाड तोडा, ते दरीवर आडवं पाडा, पूल झाला. तलवार तुटते, मग समोरच्याच्या हातातला सोटा हिसकवा. असा गेम घेतलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात दुसरा मोठा गेम विकायला जाणं म्हणजे पाहुण्याच्या पानात पुरणपोळी वाढली आणि त्याने पहिला घास घेतला तोच समोर श्रीखंडाची वाटी ठेवली, असं होतं. निंटेंडोने त्या वर्षी थांबायचं ठरवलं, आणि मला वाटतं झेल्डाबद्दल लोक वर्षभर बोलत राहिले त्यात या थांबण्याचा वाटा मोठा आहे. डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम तोच ठरला, आणि त्याच पुरस्काराच्या नामांकनांत ओडिसीही होता.

हे अंतर कंपनीला आपोआप सुचलं नव्हतं, दोनदा चटके बसलेले होते. २०११ ला थ्रीडीएस हा निंटेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल आला मार्चमध्ये अमेरिका-युरोपात, २४९.९९ डॉलरला, आणि सोबत निंटेंडोचा घ्यावाच असा गेम जवळपास नाही, ओकारिना ऑफ टाइम या जुन्या झेल्डाची थ्रीडी आवृत्ती आली जूनमध्ये, नवा मारिओ आणि मारिओ कार्ट आले थेट नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. मधल्या काळात विक्री इतकी ढेपाळली की ऑगस्टमध्ये किंमत १६९.९९ वर आणावी लागली, आणि आधी घेतलेल्यांना समजूत म्हणून २० जुने गेम फुकट दिले. पाच महिन्यांत ८० डॉलरची घसरण! मग वी यू. नोव्हेंबर २०१२ ला आला, मारिओ होता, निंटेंडो लँड होता, आणि मग वर्ष उलटलं तसा दुष्काळ. पिकमिन ३ लांबत लांबत २०१३ च्या उन्हाळ्यात आला. रेमन लेजेंड्स फेब्रुवारीत फक्त वी यूवर यायचा होता, यूबिसॉफ्टने तो सप्टेंबरवर ढकलला आणि बाकीच्या कन्सोलवरही काढला. मारिओ कार्ट ८ आला मे २०१४ ला, कन्सोल येऊन दीड वर्ष झाल्यावर. तोवर जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने वर्षभराच्या विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणला होता आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा कापून घेतला होता. वी यू शेवटपर्यंत १ कोटी ३५ लाख ६० हजारांवरच थांबला. स्विचने डिसेंबर २०१७ अखेर, म्हणजे दहा महिन्यांत, १ कोटी ४८ लाख ६० हजारांचा आकडा गाठला.

वी यूवर वाईट गेम होते असं नाही हं. उलट चांगले होते, म्हणून तर स्विचवर परत आले. पण ते अशा अंतराने आले की लोकांचा धीर सुटला. तेच गेम, तीच कंपनी, बऱ्याच अंशी तीच माणसं, आणि निकाल मात्र दोन टोकांचे. वी यूचं नाव गोंधळात टाकणारं होतं, तो हातातला मोठा गेमपॅड लोकांना समजला नाही, हे सगळं मान्य, आणि स्विच घरात टीव्हीवरही चालतो आणि ट्रेनमध्ये हातातही, हा त्याचा मोठा गुण, तेही मान्य. पण नुसतं मशीन भारी असून भागत नाही हे सोनीच्या हातात धरायच्या प्लेस्टेशन व्हिटाने दाखवून दिलंय, मशीन सुंदर होतं आणि गेम यायचे थांबले.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेऊ, अर्धे जुनेच होते हे. मारिओ कार्ट ८ डिलक्स हा वी यूवरचाच गेम, पोकेन वी यूवर येऊन गेलेला, आणि झेल्डा तर त्याच दिवशी वी यूवरही निघाला. पण मारिओ कार्टमध्ये काय काय बदललं ते नीट बघा. वी यूवर बॅटल मोड म्हणजे रेसच्याच ट्रॅकवर एकमेकांना शोधत फिरायचं, अर्धा वेळ समोरचा सापडायचाच नाही, डिलक्समध्ये खास बॅटलसाठी बंदिस्त मैदानं दिली. आधी वेगळे पैसे भरून घ्यायचे ते सगळे ट्रॅक आत घातले, एकूण ४८. दोन आयटम एकदम बाळगता येऊ लागले. स्मार्ट स्टिअरिंग आलं, म्हणजे पाच वर्षांचं पोरगंही ट्रॅकबाहेर न पडता शर्यत पूर्ण करतं आणि आजी-आजोबांच्या हातातही कंट्रोलर देता येतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कन्सोलसोबत आलेले दोन जॉयकॉन आडवे धरले की दुसरा कंट्रोलर विकत न घेता दोघं खेळायला तयार! ट्रेनच्या बर्थवर, हॉस्टेलच्या खोलीत, कुठेही. मूळ गेम साधारण ८५ लाख लोकांपर्यंत पोचला होता, डिलक्स साडेसहा कोटींच्या पुढे गेलाय. ज्यांच्याकडे वी यू कधी नव्हता, म्हणजे जगातले जवळपास सगळे, त्यांच्यासाठी हा नवाच गेम होता. तेव्हा जुना गेम परत आणणं ही फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, चांगल्या गेमला चुकीच्या मशीनवर जन्म मिळाला तर त्याला दुसरी संधी मिळायलाच हवी.

माझी तक्रार किमतीवर आहे, आणि तिथे मी दुसऱ्या बाजूच्याही पुढे जातो. ज्याने २०१४ ला मारिओ कार्ट ८ घेतला, वर जास्तीचे ट्रॅक घेतले, त्याला २०१७ ला परत पूर्ण ५९.९९ डॉलर, एक डॉलरचीही सूट नाही. आणि पुढच्याच वर्षी तर हद्द झाली, डाँकी काँगचा ट्रॉपिकल फ्रीझ वी यूवर २०१४ ला ४९.९९ ला होता, नंतर स्वस्त मालिकेत १९.९९ ला मिळत होता, तो स्विचवर मे २०१८ ला आला ५९.९९ ला. चार वर्षं जुना गेम, आणि पहिल्या दिवसापेक्षा १० डॉलर महाग. यात नवीन काय, तर एक सोपा मोड आणि त्यातलं फंकी काँग हे पात्र. लोकांनी घेतला, म्हणून ते बरोबर ठरत नाही. आणि सूट देणं अवघड आहे असंही नाही, २०२५ ला स्विच २ आला तेव्हा याच कंपनीने ब्रेथ ऑफ द वाइल्डच्या सुधारित आवृत्तीसाठी जुन्या मालकांकडून फक्त ९.९९ डॉलर घेतले. म्हणजे करता येतं, करायचं ठरवावं लागतं.

आता ते बिल. २०१७ इतकं भरलेलं का दिसतं याचं एक मोठं कारण २०१५ आणि २०१६ रिकामी होती हे आहे, आणि वर्षाचे आढावे लिहिणारे हे सोयीने विसरतात. ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१५ ला वी यूवर यायचा होता. मग २०१६ म्हणाले. मग २०१७. तोवर वी यू विकत घेतलेल्या माणसाला २०१६ ला काय मिळालं, तर ट्वायलाइट प्रिन्सेसची एचडी आवृत्ती, स्टार फॉक्स झीरो, टोक्यो मिराज सेशन्स, पेपर मारिओ कलर स्प्लॅश. त्यातले काही मला आवडतात, पण ज्या एका गेमसाठी कित्येकांनी ते मशीन घेतलं तो आला नव्या मशीनच्या लाँचच्या दिवशी, आणि वी यूच्या आवृत्तीत गेमपॅडवर नकाशा दिसेल असं जे आधी दाखवलं होतं तेही गेलं. सगळं चांगलं नव्या कन्सोलच्या पहिल्या वर्षासाठी राखून ठेवलं आणि जुन्या कन्सोलच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या ग्राहकाने त्याची किंमत मोजली. म्हणून कुठल्याही कन्सोलचं एक वर्ष वेगळं काढून त्याला मार्क देणं मला मान्य नाही, त्याच्या आधीची दोन आणि नंतरचं एक सोबत ठेवून बघा. वी यूवाल्यांना निदान एवढं करता आलं असतं की ज्याच्या खात्यावर वी यूचा मारिओ कार्ट आहे त्याला डिलक्सवर चांगली घसघशीत सूट, पण जुनी डिजिटल खरेदी नव्या मशीनवर कसलीच धरली गेली नाही. आणि मार्च २०२३ मध्ये वी यूचं ऑनलाइन दुकान बंद झालं, एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन सर्व्हरही.

बाहेरच्या कंपन्यांचा विषय थोडक्यात. डूम हा गोळीबाराचा गेम नोव्हेंबर २०१७ ला आला, पॅनिक बटन नावाच्या छोट्या टीमने तो हातात मावणाऱ्या मशीनवर बसवला, सेकंदाला साठच्या जागी तीस फ्रेम, चित्र धूसर, तरी गेम पूर्ण, आणि मला ही त्या वर्षातली मोठी कामगिरी वाटते. त्याच महिन्यात स्कायरिम आला. पण डूमच्या कार्डवर, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या गेमच्या चिपवर, मल्टिप्लेअर नव्हता, तो वेगळा डाउनलोड करायचा, एल. ए. नॉयरचं कार्ड घेतलं तरी भलंमोठं डाउनलोड, आणि मशीनमध्ये जागा एकूण ३२ जीबी, त्यातली वापरायला मिळते ती त्याहून कमी. म्हणजे गेमचे पैसे भरा, वर मेमरी कार्डचे भरा. कारण असं की जास्त क्षमतेचं कार्ड महाग पडतं, आणि तो खर्च कंपनीने उचलायचा की ग्राहकाने, याचं उत्तर त्या वर्षी ग्राहकाच्या माथी मारलं गेलं. छोट्या स्टुडिओंनी मात्र मधल्या फटी छान भरल्या, स्टीमवर्ल्ड डिग २, गोल्फ स्टोरी, आणि ऑक्टोबरमध्ये एका माणसाने एकट्याने बनवलेला स्टारड्यू व्हॅली, रात्री झोपण्याआधी पांघरुणात शेती करायची सोय.

ऑनलाइनच्या बाबतीत २०१७ नापास, सरळ नापास. स्प्लॅटून २ हा मित्रांसोबत बोलत बोलत खेळायचा गेम, आणि बोलायचं असेल तर फोनवर वेगळं अ‍ॅप घ्या, म्हणजे गेमचा आवाज एकीकडून, मित्राचा दुसरीकडून. सेव्ह फाइलची कॉपी काढायची सोयच नाही, मशीन बिघडलं किंवा हरवलं की झेल्डाचे दीडशे तास गेले, आणि क्लाउड सेव्ह आलं सप्टेंबर २०१८ ला, तेही पैसे भरून. पण त्याच वर्षातली एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे आर्म्स आणि स्प्लॅटून २ ला गेम निघाल्यावर महिनोन्‌महिने नवं काहीतरी फुकट मिळत राहिलं. आर्म्समध्ये नवे लढवय्ये येत गेले, जुलैत मॅक्स ब्रास, मग लोला पॉप, मिसँगो, डिसेंबरमध्ये डॉक्टर कॉइल. ज्याने जूनमध्ये पैसे भरले त्याला डिसेंबरपर्यंत परत परत गेम उघडावासा वाटला. आर्म्स महान गेम नाही, पण जुलै ते ऑक्टोबर हा काळ हलका वाटला नाही त्यात याचा हात आहे.

आपल्याकडे हा सगळा विचार जास्तच महत्त्वाचा. निंटेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे आणलाच नाही, इथलं ईशॉप, म्हणजे कंपनीचं ऑनलाइन दुकान, नाही, वॉरंटी नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन कुणा इम्पोर्टवाल्याकडून घ्या, नाहीतर अमेरिकेहून, दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत जागा मागा. गेम डिजिटल घ्यायचा तर दुसऱ्या देशाचं खातं उघडा आणि गिफ्ट कार्ड शोधा. अशा माणसाला वर्षातून दोन, फार तर तीन गेम परवडतात, ५९.९९ डॉलरवर इम्पोर्टवाल्याचा नफा चढला की तो गेम म्हणजे घरात विचारून करायचा खर्च असतो. त्याच्यासाठी स्विचची एक गोष्ट फार मोलाची ठरली जी वर्षाच्या आढाव्यात कुणी लिहीतच नाही, स्विचला रीजन लॉक नाही. थ्रीडीएस आणि वी यू दोन्हींना होता, जपानी मशीनवर अमेरिकन गेम चालायचा नाही. स्विचवर कुठल्याही देशाचं कार्ड घाला, चालतं. म्हणून इथे सेकंडहँड बाजार उभा राहिला, पुण्या-मुंबईतली पोरं आपापसात कार्डं बदलून खेळू लागली, एकाने झेल्डा घ्यायचा, दुसऱ्याने मारिओ कार्ट, दोन महिन्यांनी अदलाबदल. आणि ही अदलाबदल जमायची ती गेममधल्या त्या अंतरामुळे, एकाचा झेल्डा संपेपर्यंत दुसऱ्याची रेसिंग खेळून झालेली असायची, आणि ऑक्टोबरच्या ओडिसीसाठी पैसे साठवायला वेळ असायचा.

म्हणून मला स्विच २ च्या पहिल्या वर्षाची काळजी वाटली, विक्री जोरात असूनसुद्धा. ५ जून २०२५ ला मशीन, ४४९.९९ डॉलर, त्याच दिवशी मारिओ कार्ट वर्ल्ड, त्याचे वेगळे ७९.९९. जुलैत डाँकी काँग बनान्झा, झकास. मग ऑगस्ट-सप्टेंबर जवळजवळ रिकामे, आणि मग १६ ऑक्टोबरला पोकेमॉन लेजेंड्स झेड-ए, ६ नोव्हेंबरला हायरूल वॉरियर्स, २० नोव्हेंबरला कर्बी एअर रायडर्स, ४ डिसेंबरला मेट्रॉइड प्राइम ४. सात आठवड्यांत चार. यादी लावली तर भरगच्च दिसते, पण महिन्याला एक गेम घेणाऱ्याला चारातले एक-दोन सोडावेच लागतात, आणि जे सुटतात ते बहुतेक वेळा लहान नावाचे असतात. सुट्ट्यांच्या आधी सगळं रेटायचं हे दुकानदारांसाठी ठीक असेल, गेम बनवणाऱ्यांसाठी आणि खेळणाऱ्यांसाठी नाही. २०१८ मध्येही असंच झालं होतं, एप्रिलमध्ये पुठ्ठ्याचा लाबो, मे मध्ये तो महागडा ट्रॉपिकल फ्रीझ, जूनमध्ये मारिओ टेनिस, आणि ज्याची सगळे वाट बघत होते तो स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट थेट ७ डिसेंबरला.

मेट्रॉइडचं नाव आलंच आहे तर सांगतो. जून २०१७ ला, स्विचच्या त्या गाजलेल्या वर्षातच, मेट्रॉइड प्राइम ४ चा नुसता लोगो दाखवला होता, ना तारीख ना खेळ. जानेवारी २०१९ ला कंपनीने जाहीर केलं की काम मनासारखं होत नाहीये, रेट्रो स्टुडिओजकडे देऊन पहिल्यापासून सुरू करतोय. असं स्पष्ट सांगायला हिंमत लागते आणि ती मी मानतो. पण तो लोगो दाखवायची गरज नव्हती. जानेवारी २०१७ च्या कार्यक्रमात दाखवलेले आर्म्स, स्प्लॅटून २ आणि ओडिसी सांगितलेल्या ऋतूत आले, म्हणून लोकांनी त्या वर्षी पैसे साठवून ठेवले, आणि तारीख नसताना दाखवलेला मेट्रॉइड यायला साडेआठ वर्षं लागली, त्या काळात कित्येकांनी त्याच्यासाठी स्विच घेतला, विकला, आणि गेम आला तेव्हा दुकानात पुढचं मशीन होतं. कंपन्यांनी तारीख हातात असल्याशिवाय गेम दाखवू नये, आणि आपणही नुसत्या लोगोवर कन्सोल घेऊ नये.

आणि जुन्या ग्राहकाची सूट. ती मी दरवर्षी मागणार, कारण २०१७ मध्ये ती दिली असती तर त्या वर्षाबद्दल माझी निम्मी तक्रार उरली नसती.